काळी माशी आणि कोळशीचं जोडपानी चित्र: मांडणी कशी करावी, छपाईत काय सांभाळावं?

बर्डीची_शाई
नागपुरातून निघणाऱ्या एका शेती मासिकासाठी जोडपान (समोरासमोरची दोन पानं मिळून एक चित्र) करायचं आहे. विषय संत्र्यावरची काळी माशी ही कीड आणि तिच्यामुळे पानांवर येणारी काळी बुरशी, म्हणजे कोळशी. वाचक म्हणजे काटोल, नरखेड, वरूडकडचे बगीचेवाले. संपादकांची मागणी एवढीच, "जीवनचक्र दाखवा आणि संत्रा उठून दिसू द्या." बंद अंक ए-फोर, कागद ८० जीएसएम मॅपलिथो (चकचकीत नसलेला साधा छपाईचा कागद), चार रंगांत छपाई. रेषा रॉटरिंग पेनने, रंग फोटोशॉपमध्ये.

तीन ठिकाणी अडलंय. गोल बाणांच्या चक्राशिवाय दुसरी मांडणी आहे का? किडा काळा आणि बुरशीही काळी, मग छापल्यावर सगळा काळा डाग होणार नाही ना? आणि मराठी नावं चित्रातच टाकू की मांडणीवाल्यावर सोडू?

पानामागचा_कीटक
गोल बाण सोडाच. या किडीची गोष्ट वरून खाली घडते, चित्रही तसंच उभं करा. माशी अंडी घालते ती कोवळ्या नवतीच्या पानाच्या मागच्या बाजूला. पिल्लं तिथेच रस शोषतात आणि चिकट गोड स्राव सोडतात. तो खालच्या पानाच्या वरच्या बाजूवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. म्हणजे किडा एका पानाच्या मागच्या बाजूला, काळेपणा दुसऱ्या पानाच्या वरच्या बाजूला. बहुतेक चित्रांत दोन्ही एकाच पानाच्या एकाच बाजूला दाखवतात, आणि शेतकरी काळ्या पानावर किडा शोधत बसतो.

तेव्हा वरचं पान असं वळवा की त्याची मागची, फिकट हिरवी बाजू वाचकाकडे येईल. त्याच्या खाली दुसरं पान आडवं, काळं. मध्ये दोन-तीन थेंब पुरे. खालच्या पानाचा एक कोपरा पुसलेला दाखवा, आत हिरवं पान जसंच्या तसं. ही बुरशी पानात शिरत नाही, वर थर धरते आणि उजेड अडवते. तो पुसलेला कोपरा लेखातला अख्खा परिच्छेद वाचवेल.

आता अवस्था. अंडी गोल फिरत जाणाऱ्या ओळीत, प्रत्येक अंडं छोट्या देठावर. आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी काळपट. विखुरलेली काढलीत तर ती दुसऱ्याच किडीची वाटतील. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पाय दाखवा, ते थोडं चालतं. पुढच्या अवस्था पानाला चिकटलेल्या, तिथे चालते पाय काढू नका. कोष चकचकीत काळा, पाठीवर काटे आणि कडेला पांढऱ्या मेणाची झालर. प्रौढाचे पंख निळसर करडे, त्यावर पांढरट खुणा. घरातल्या माशीसारखा निव्वळ काळा रंगवू नका. नावात माशी असली तरी हिचं नातं पांढऱ्या माशीशी आहे.

सगळ्या अवस्था एकाच पटीत काढा. ३० पट धरली तर ०.२ मिमीचं अंडं ६ मिमी, सुमारे १.२ मिमीचा कोष ३६ मिमी आणि दीड मिमीची माशी ४५ मिमी होते. जोडपानावर आरामात बसतं. "३० पट" असं लिहू नका, शेजारी १ मिमीची मापपट्टी टाका (इथे ती ३० मिमी लांब येईल). चित्र लहान-मोठं केलं की आकडा खोटा पडतो, पट्टी खरीच राहते.

संत्र्याच्या पानाबद्दल एक. देठाला रुंद पंख काढायचा मोह होतो. आपल्या नागपुरी संत्र्याचा देठपंख अगदी अरुंद असतो. आणि पेन्सिलीचं रेखाटन झालं की अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतल्या एखाद्या कीटकशास्त्रज्ञाला दाखवा. शाई फिरल्यावर दाखवून काही उपयोग नाही, मग कोणी दुरुस्त करत नाही.

मॅपलिथो
वरच्यांनी मांडणी चोख सांगितली. मी काळ्याचं बोलतो.

आरजीबीतला (स्क्रीनच्या रंगांतला) काळा फोटोशॉपमधून सरळ सीएमवायकेत (छपाईचे चार रंग: सी निळसर, एम गुलाबी, वाय पिवळा, के काळा) बदलला, तर नेहमीच्या सेटिंगला तो सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९० होतो. एकूण ३०० टक्के शाई. ८० जीएसएमच्या मॅपलिथोला ती झेपत नाही: वाळायला वेळ लागतो, मागच्या पानावर उमटते, बारकावे बुजतात. सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० घ्या, २४०मध्ये बसतं. तेही फक्त कोषाच्या सर्वात गडद जागी. बुरशीला के ८० आणि थोडा वाय पुरे, म्हणजे दोन काळे वेगळे पडतील. शिवाय पोत वेगळा ठेवा. कोषावर धारदार कडेचा छोटा पांढरा चमकारा, बुरशीवर चमक मुळीच नाही, नुसते ठिपके.

संत्रा: सी ०, एम ५५, वाय १००. सावलीला के टाकलात की फळ सडकं दिसतं. एम ७५पर्यंत वाढवा, सी फार तर १५. स्क्रीनवरचा झगझगीत नारिंगी कागदावर येत नाही, संपादकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रूफ पाहून फोन येतोच.

आकार: जोडपान ४२० × २९७ मिमी, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापून जाणारी जादा कड) धरून ४२६ × ३०३. ३०० डीपीआयला ५०३२ × ३५७९ पिक्सेल. मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना १० मिमीत नाव, मापपट्टी, किडा काहीच नको.

रेषा अंतिम मापाच्या दीडपट काढून ८०० डीपीआयला स्कॅन करा, ६७ टक्क्यांवर आणल्यावर त्या १२००च्या होतात. अख्खं जोडपान एका कागदावर काढायचा हट्ट नको, पानं वेगळी, किडे वेगळे, फाईलमध्ये जोडा. रेषांचा थर रंगात मिसळू नका. वेगळी बिटमॅप टिफ (निव्वळ काळ्या-पांढऱ्याची फाईल), फक्त के १००, ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं). चार रंगांत विरघळलेली रेषा रजिस्ट्रेशन (चार रंगांची एकमेकांवरची जुळणी) केसभर हललं की दुहेरी दिसते. आणि ०.२ची निब ६७ टक्क्यांवर ०.१३ मिमी होते, तेव्हा ठिपके सुट्टे टाका, दाट टाकाल तर शाई पसरून एकमेकांना चिकटतील.

बर्डीची_शाई
दोघांचेही आभार, पुसलेला कोपरा नक्की घेते. रंग जलरंगात केले तर? पण मेमध्ये वॉश (पातळ रंगाचा सपाट हात) धड बसत नाही.

मॅपलिथो
ताई, मेमधल्या दुपारी वॉश अर्ध्यावरच सुकतो आणि कडा कडक पडते. ३०० जीएसएम कागद दोन्ही बाजूंनी भिजवा, पंखा बंद, सकाळी सातच्या आत काम. पण या कामाला फोटोशॉपच बरं. संपादक पानाचा हिरवा एकदा तरी बदलायला लावतील.

अक्षरजुळणी
नावं चित्रात कायमची मिसळू नका. वेगळ्या थरावर ठेवा आणि सोबत साध्या मजकुराची यादी द्या: अंडी, पिल्लू, कोष, प्रौढ, बुरशी. मांडणीवाला श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये) काम करतो की युनिकोडमध्ये, हे आधी विचारा. एकातला मजकूर दुसऱ्यात टाकला की सगळा गिचमिड होतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) लावलेला नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. अक्षर ९ पॉइंटच्या खाली नको, फक्त के १०० मध्ये. नावापासून भागापर्यंतची निर्देशक रेषा ०.३५ पॉइंट, बाणाशिवाय, एकमेकींना न छेदता. गडद पानावर पांढरी रेषा असेल तर ०.५ तरी घ्या, नाहीतर शाई ती गिळून टाकते.

कलम_एकोणीस
कामाआधी मालकीचं लेखी ठरवा. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा ठरतो. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. म्हणून दोन ओळी पुरे: "हक्क चित्रकाराचे, या अंकात एकदा छापण्याची परवानगी. संकेतस्थळ, भित्तिपत्रक, पुस्तक यांचे दर वेगळे." अशी चित्रं पुढे मेळाव्यांच्या फलकांवर जातातच, तो दरही आताच लिहून घ्या. दुरुस्त्या पेन्सिलीच्या टप्प्यावर दोन, शाईनंतर एक. लेख रद्द झाला तर रेखाटनाचे पैसे किती, तेही त्याच पत्रात.