मदत हवी आहे: खेळण्यातल्या जुन्या रेल्वेचा गंज कसा काढू? (सांगली)

गावभागकर
नमस्कार मंडळी. आजोबांनी आणलेली खेळण्यातली रेल्वे आहे. २०१९च्या पुरात ट्रंक पाण्याखाली होती, नंतर तशीच माळ्यावर गेली. परवा उघडली तर सगळं गंजलेलं, चाकं जाम. पुढच्या रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे, त्यांना चालवून दाखवायची आहे. लवकर सांगा, हातात आठच दिवस आहेत.

माधवनगरचा_फिटर
व्हिनेगर! रात्रभर बुडवा, सकाळी दात घासायच्या ब्रशने घासा. माझ्या वडिलांचे सगळे पाने-पकडी असेच नवे केले मी. दुसरं काही शोधत बसू नका.

रुळांचा_नाद
दादा, थांबा, काहीही बुडवू नका. आधी सांगा: किल्लीची की विजेची? पत्र्याची की ओतीव? रंग शिल्लक आहे का? गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, किती? फोटो टाका.

मिरज_जंक्शन
गेजवरून आठवलं. आमच्या लहानपणी मिरजेहून पंढरपूरला जाणारी बार्शी लाइट अडीच फुटी गेजची होती. १९२७ साली ती मिरजेपर्यंत आली. आषाढीला डब्यात पाय ठेवायला जागा नसायची, आजी मला खिडकीतून आत द्यायची.

रुळांचा_नाद
काका, त्यावर वेगळा धागा काढा, मीही लिहीन. इथे खेळण्याचं गेज विचारतोय.

कृष्णाकाठ
पंचाहत्तरीला ऐंद्री शांत करतात. गुरुजी आत्ताच ठरवा, ऐनवेळी मिळत नाहीत.

गावभागकर
शांत ठरली आहे ताई, धन्यवाद. किल्लीची आहे. रुळांमधलं अंतर पट्टीने ३२ मिलिमीटर भरलं. इंजिन पत्र्याचं, हिरवा रंग बऱ्यापैकी शाबूत, खाली लिव्हरपूल लिहिलंय. एका डब्याची दोन चाकं काल व्हिनेगरमध्ये टाकली. लगेच बारीक बुडबुडे सुटले, दोन तासांनी काढली तर राखाडी आणि खरखरीत झालेली, कडेला बारीक खड्डे. असं का झालं?

रुळांचा_नाद
हेच होणार होतं म्हणून थांबा म्हटलं. ३२ मिलिमीटर म्हणजे ओ गेज. तुमची हॉर्नबी दिसते, लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची खेळण्यातली रेल्वे. चाकं लोखंडी नाहीत, जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव आहेत. आम्ही त्याला मझाक म्हणतो. आम्ल जस्त खातं, ते बुडबुडे त्याचेच. लोहचुंबक लावून बघा: चाकाला चिकटणार नाही, आसाला चिकटेल. मझाकवर लाल गंज येतच नाही, आली तर पांढरी पूड येते. चाकाला केसासारखे तडे दिसले तर जोर लावू नका. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मझाकमध्ये शिसं मिसळलं गेलं की तो वर्षानुवर्षं आतून फुगतो आणि फुटतो, त्याला उपाय नाही.

माधवनगरचा_फिटर
मग चाकं सोडा. रूळ तरी लोखंडी आहेत ना? ते टाकू दे की.

रुळांचा_नाद
रूळही नको, भाऊ. तो कल्हई केलेला पत्रा आहे. व्हिनेगरने कल्हई जाईल आणि आठवड्यात दुप्पट गंज चढेल. तुमचे पाने भरीव पोलादाचे, म्हणून टिकले. इथे आम्ल चालेल ते फक्त सुट्या बिनरंगी लोखंडी भागांना, म्हणजे स्क्रू, डबे जोडायचे आकडे. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व, दर वीस मिनिटांनी बघायचं. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून, हेअर ड्रायरने कोरडं करून लगेच तेल. रूळ मात्र तेल लावून सगळ्यात बारीक स्टील वूलने हलक्या हाताने. पॉलिश पेपर लावू नका. रंगावर फक्त शिलाई मशीनचं तेल आणि कापूस, तेही आधी पोटाकडच्या बाजूला थेंबभर लावून बघा. कापसावर हिरवं आलं तर थांबा.

माधवनगरचा_फिटर
हे पटलं. कल्हईचं माझ्या लक्षात आलं नाही. दादा, चाकांचं वाईट वाटलं, मी घाईने लिहिलं.

घड्याळवाला_गणपतीपेठ
कमानीबद्दल, म्हणजे किल्लीने भरायच्या स्प्रिंगबद्दल, कोणीच बोललं नाही. ३० वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय म्हणून सांगतो, आत्ता किल्ली फिरवू नका. गंजलेली कमान भरली तर तुटते, आणि यंत्राची पाटी उघडताना उसळली तर बोटं कापते. यंत्र बाहेर काढा, पण खोलू नका. ताटलीत रॉकेल घेऊन दोन दिवस बुडवा. रॉकेल नसेल तर डब्ल्यूडी-४० (गंजलेले भाग सोडवायचा स्प्रे) भरपूर मारा. मग प्रत्येक आसाला एकेक थेंब मशीनचं तेल. आम्ल तर कमानीला दाखवूसुद्धा नका, ठिसूळ होते.

गावभागकर
चार दिवसांनी लिहितोय. शेजारच्या काकूंकडे स्टोव्हचं थोडं रॉकेल होतं. पहिल्या रात्री काही हललं नाही. दुसऱ्या सकाळी टूथपिकने मोठं दातेरी चाक ढकललं तर ते अर्धा दात सरकलं आणि फटीतून तपकिरी गढूळ तेल बाहेर आलं. दिवसभर दाताला दात पुढे-मागे करत बसलो. काल किल्लीचे चार वळसे दिले. इंजिन हातात धरलं की सुरेख चालतं, रुळावर ठेवलं तर दोन हात जाऊन थांबतं. डब्याच्या चाकांचं काय करू?

रुळांचा_नाद
तो डबा यावेळी जोडू नका, नुसतं इंजिन चालवा. वळणाचे रूळही नकोत, सरळ चार घ्या. रुळांच्या आतल्या कडा पुन्हा पुसा, तिथे चाकाची कड घासते. आणि रुळाच्या वरच्या बाजूला तेल राहिलं असेल तर चाक नुसतं जागेवर फिरतं, कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

घड्याळवाला_गणपतीपेठ
किल्ली बाबांच्याच हातात द्या. फक्त चार वळशांवर थांबवा, पाचवा देऊ देऊ नका.