स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये सगळं थोडं थोडं शिकलेलं पात्र

गंगापूर रोडवाले भाऊ, तलवार, जादू, चोरी सगळं सारखं वाढवूनही २० व्या लेव्हलला साधे दरोडेखोर भारी पडतात, असं तुम्ही लिहिलंय. घोळ पर्कच्या (कौशल्याला धार देणाऱ्या खास क्षमतांच्या) वाटपात आहे. कौशल्यं १८, पर्क लेव्हलमागे एकच. सगळीकडे एकेक टाकला की धार कशालाच येत नाही. शिवाय लोहारकाम आणि घासाघीस करूनही लेव्हल चढते, शत्रू तगडे होतात, तुमचा वार तेवढाच राहतो.

मारायचं साधन एकच ठेवा: एकहाती शस्त्र. आर्म्समन या त्याच्या पर्कचे पहिले दोन टप्पे घेतले की घाव ४० टक्क्यांनी वाढतो (दुसऱ्यासाठी कौशल्य २० हवं). स्नीक (लपून वावरण्याचं कौशल्य) ३० झालं की बॅकस्टॅब हा पर्क घ्याच, लपून केलेला वार तिपटीचा सहापट होतो.

जादू मदतीपुरती. डिस्ट्रक्शनचं (मारायच्या जादूचं) कौशल्य वाढलं तरी मंत्राचा घाव वाढत नाही, फक्त मॅजिका (जादूची ऊर्जा) कमी लागते. घाव वाढवायला पुन्हा पर्कच लागतात. त्यापेक्षा रिस्टोरेशनने जखमा भरा, कॉन्ज्युरेशनने एखादा लांडगा बोलावून पुढे सोडा. या दोघांत नवशिक्या पातळीचा पर्क पुरे, त्या पातळीचे मंत्र निम्म्या मॅजिकात बसतात.

लेव्हलला मिळणारे १० गुण दोनदा हेल्थला, एकदा मॅजिकाला. ओझं फार होत असेल तरच स्टॅमिना, दर वेळी ५ वजन जास्त पेलतं.

मार्कार्थ शहराजवळचा लव्हर स्टोन हा वरदान देणारा दगड अशाच पात्रासाठी आहे: सगळी कौशल्यं १५ टक्के वेगाने वाढतात. योद्ध्याचा दगड २० टक्के देतो, पण फक्त लढाईच्या कौशल्यांना.