आजच्या ग्रीकमध्ये 'शेत' म्हणायला नेमका शब्द कोणता?

शिवार: कोशात अग्रोस, होराफी, काम्बोस, आरूरा अशी रांगच लागते. आज खेड्यात बोलताना कोणता चालेल? आणि स्त्रेमा म्हणजे किती जमीन?

बांधावरून: डोळे मिटून होराफी. 'ह' घशातून काढायचा, उर्दू 'ख़बर'मधल्यासारखा. जोर 'रा'वर, अनेकवचन होराफिया. षष्ठीत मात्र 'तू होराफ्यू' होतं आणि जोर उडी मारून शेवटी जातो. शिकणारे हमखास इथेच घसरतात. अग्रोस सगळ्यांना कळतो, पण तो पुस्तकी. काम्बोस म्हणजे एखादं शेत नव्हेच, सगळा सपाट मुलूख. ग्रीसमधल्या थेसली प्रांताचा काम्बोस म्हणतात तसा. द्राक्षमळा अम्बेली, ऑलिव्हची बाग एलेओनास. कलिंगडं-खरबुजांचा मळा बोस्तानी. हा शब्द मूळचा फारसी, तुर्कीमार्फत तिकडे पोचला.

मोजणीदार: स्त्रेमा = 1000 चौ. मी. म्हणजे दहा गुंठ्यांना किंचित कमी (9.88). 10 स्त्रेमांचा हेक्टर, एकरात साधारण 4.05. शेतकरी बोलताना हेक्टर क्वचितच काढतात. ऑटोमन (तुर्की) राजवटीतल्या कागदांना हा हिशेब लावू नका, तेव्हाचं माप वेगळं होतं.

जुनी पोथी: आरूरा प्राचीन ग्रीकपुरताच ठेवा: नांगरटीची, पिकाऊ जमीन. इजिप्तमधल्या ग्रीक पपायरसांत (लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या लेखांत) हाच शब्द जमिनीचं माप म्हणून येतो, 100 हात लांब-रुंद, म्हणजे सुमारे 27 गुंठे. संदर्भ न बघता भाषांतर केलं की गडबड ठरलेली. तसाच 'मेलोन': सफरचंदही आणि मेंढरूही! प्राचीन कवी होमरच्या काव्यात 'मेला' (मेलोनचं अनेकवचन) चरताना दिसली तर ती मेंढरंच.

शिवार: आणि खळं?

बांधावरून: अलोनी. बेटांवर डोंगरकडेला गोल, दगडी फरशीची खळी अजून दिसतात. जागा मुद्दाम वाऱ्याची, नाहीतर उफणताना भुसा दाण्यातच पडतो. जुलैचं बोलीतलं नाव यावरूनच अलोनारिस, म्हणजे मळणीचा महिना. जून थेरिस्तिस, कापणीचा. सप्टेंबर त्रिगितिस, द्राक्षतोडणीचा.

आणखी एक. खेडं म्हणजे होरिओ, जोर शेवटी. बेटावर पाटीला 'होरा' दिसलं तर तो रस्ता खेड्याकडे नाही, बेटाच्या मुख्य गावाकडे जातो.