रिकामा कॅच: गुन्हा की गरज?

अर्धविराम
काल वेबसाइटसाठीच्या पीएचपी या भाषेतल्या एका जुन्या प्रकल्पात शिरलो. एकाच फाइलीत अकरा ट्राय-कॅच ('करून बघ, फसलं तर कॅचमध्ये सावर'), त्यातले आठ कॅच रिकामे. महिरपी कंसांच्या आत टिंबसुद्धा नाही. नोंदणीच्या फॉर्मवर लांबलचक पत्ता टाकला की 'धन्यवाद' झळकतं, पण टेबलात ओळच पडत नाही. कॉलम अपुरा होता. डेटाबेस बिचारा बोंबलत होता आणि कोडने त्याच्या तोंडावर उशी दाबलेली. माझं मत: जिथे तुम्हाला काही करता येत नाही तिथे एक्सेप्शन, म्हणजे कोडने फेकलेली चूक, पकडूच नका. जाऊ द्या वर. सगळ्यात वर चुका हाताळणारा एकच हँडलर ठेवा, तो लॉग (चुकांची नोंद) लिहील आणि ५००, म्हणजे 'सर्व्हरवर चूक झाली' असं उत्तर, देईल.

निशाचर
ऐकायला छान. आमच्या पानाच्या कोपऱ्यात 'संबंधित लेख' अशी चौकट आहे, ती दुसऱ्या सर्व्हरवरून येते. तो दोन मिनिटं झोपला म्हणून अख्खं पान पाडू? वाचक लेख वाचायला आलाय, चौकट गेली उडत. मी तिथे पकडतो आणि गप्प बसतो.

अर्धविराम
चौकट गाळलीत म्हणजे काहीतरी केलंतच की, त्याला माझी हरकत नाही. गप्प बसण्याला आहे. लॉगमध्ये एक ओळ लिहायला काय जातं?

निशाचर
रात्रभरात चाळीस हजार ओळी जातात! मग खरी चूक त्यात शोधत बसा.

खटपट्या
भांडा, पण आधी हे तपासा. २०१५ च्या पीएचपी ७ पासून बरेचसे फेटल (काम जागीच थांबवणारे) एरर 'एरर' या वर्गाचे होऊन फेकले जातात, आणि हा वर्ग 'एक्सेप्शन'च्या घराण्यातला नाही. नुसतं 'एक्सेप्शन' पकडून निवांत बसलात तर टाइपएरर (चुकीच्या प्रकारची किंमत दिल्याचा एरर) शेजारून निघून जातो. सगळ्यात वर दोघांनाही पकडणारं 'थ्रोएबल'च हवं. शिवाय ८.० च्या आधी पीडीओ, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा पीएचपीचा भाग, मुळातच मुका होता. एररमोड (चूक कशी कळवायची ती सेटिंग) बदलला नसेल तर एक्सेप्शन येतच नाही, पकडणार काय?

निशाचर
तेच तर! फाइल वाचणं फसलं तर उत्तर फॉल्स ('नाही') आणि एक वॉर्निंग. जेसन (मजकुराच्या रूपात पाठवलेला डेटा) बिघडलं तर नल, म्हणजे 'काहीच नाही'. 'वर जाऊ द्या' हे अर्ध्या पीएचपीला लागूच होत नाही.

अर्धविराम
लागू करता येतं. वॉर्निंगसाठी स्वतःचा एरर हँडलर लावायचा आणि त्यातून एररएक्सेप्शन फेकायचं. जेसनला ७.३ पासून थ्रो करायला सांगता येतं.

निशाचर
लावून पाहिलंय. ॲरेत (किमतींच्या यादीत) नसलेली 'की', म्हणजे नोंदीचं नाव, वाचली तर ८.० पासून सौम्य नोटिसऐवजी वॉर्निंग येते. जुन्या कोडमध्ये अशा जागा पावलोपावली. पहिल्याच सकाळी निम्मी पानं आडवी, दुपारी हँडलर काढला.

अर्धविराम
बरं, जुन्या कोडमध्ये वॉर्निंग नुसती लॉग करा, नव्यात फेका. पण डेटा लिहिणाऱ्या कोडला सवलत नाही.

निशाचर
तिथे मीही देत नाही. चौकटीवरून मात्र हलणार नाही.

नवखा
त्या फॉर्मवरच्या किती नोंदण्या बुडाल्या?

अर्धविराम
लॉगच नाही. मोजू कशावरून?