पाचर-घणापासून हिऱ्याच्या तारेपर्यंत: ग्रॅनाइट खाणीत पैसा नक्की कुठे वाचला?

चिकोडीकर
इलकल भागातल्या लाल ग्रॅनाइटच्या खाणींवर टिपण लिहितोय. (आपल्याकडचे लोक इलकलला साडीसाठीच जातात, ते सोडा.) आधी जॅकहॅमर-पाचर (भोकं मारून पाचरीने फोडणं), मग जेट बर्नर (ज्योतीने चर पाडणारा), मग डायमंड वायर सॉ (हिरा बसवलेले मणी ओवलेली फिरती तार), हा क्रम ठाऊक आहे. कारण म्हणून सगळे 'मजुरी वाचली' एवढंच सांगतात. मजुरी तर स्वस्तच होती, मग एवढी महाग तार परवडली कशी? आणि निपाणी-चिकोडीच्या काळ्या दगडात ती का दिसत नाही?

खडेबाजार
मजुरी दुय्यम हो, खरा हिशेब उताऱ्याचा. कारखान्याला साखर उतारा, तसा खाणीला ब्लॉकचा.

3 × 1.5 × 1.5 मीटरचा ब्लॉक धरा: 6.75 घनमीटर, वजन साधारण 18 टन. पाचरीने फुटलेली बाजू ओबडधोबडच येते. प्रत्येक बाजूचा 8 सेंमी दगड बाद धरला तर हाती 5.1 घनमीटर राहतात, म्हणजे चौथा हिस्सा गेला. तारेच्या कापाला 1 सेंमी बाद धरला तर 6.5 उरतात. खरेदीदार मोजताना वाकड्या बाजूची सूट कापून घेतो, ट्रकभाडं मात्र पूर्ण वजनाचं पडतं.

आता ड्रिलिंग. 3 मीटर लांब, 1.5 मीटर खोल अशी एकच फट पाडायची तर 15 सेंमीवर एक याप्रमाणे 20 भोकं, म्हणजे 30 मीटर ड्रिलिंग. शिवाय बिटला धार लावणं, कॉम्प्रेसरचं डिझेल आणि धूळ. हाच 4.5 चौरस मीटरचा काप तारेने केला तर तार फार तर मीटरभर झिजते, कारण कठीण ग्रॅनाइटमध्ये एक मीटर तार साधारण 5 ते 15 चौरस मीटर कापते.

मलप्रभाकाठ
यात थोडा इतिहास जोडतो. तारेने दगड कापणं जुनं आहे. इटलीत काराराच्या संगमरवरी खाणींत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच पीळदार पोलादी तार फिरवत. कापायचं काम पाण्याबरोबर सोडलेली वाळू करायची, तार ती फक्त ओढायची. मणी ओवलेली हिऱ्याची तार तिथेच 1970च्या दशकाच्या अखेरीस आली. त्यामागे स्वस्त कृत्रिम हिरा होता. जनरल इलेक्ट्रिकने तो 1955 मध्ये जाहीर केला. त्याआधी असा मणी परवडलाच नसता.

संगमरवरात जमलेली तार ग्रॅनाइटमध्ये लगेच चालली नाही. मण्यांमधल्या स्प्रिंगा आणि आतला दोर ग्रॅनाइटच्या खरखरीत गाळाने खाऊन टाकला. दोरावर रबर किंवा प्लास्टिकचं आवरण ओतून मणी जागीच पक्के केले, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

काळ्या दगडाचं उत्तर सोपं आहे. निपाणी-चिकोडीचा दगड डेक्कन ट्रॅपचा बसाल्ट. लाव्हा थंड होताना पडलेले सांधे (भेगा) त्यात बऱ्याच ठिकाणी इतके जवळ असतात की मोठा अखंड ब्लॉक निघतच नाही. तिथे सुरुंग, क्रशर आणि खडी हाच धंदा. इलकलकडेही सांध्यांनी चिरलेल्या बाकावर (खाणीतल्या दगडाच्या पायरीवर) तार लावली तर नुकसानच.

अनगोळकर
कागदावर ठीक, पण खाणीत तार कुठे अडते तेही टिपणात घ्या.

आधी साधारण 90 मिमीची दोन भोकं मारतात, एक वरून उभं, एक समोरून आडवं. ती आत एकमेकांना भेटली नाहीत तर पुन्हा ड्रिलिंग. मग दोर ओढून तार ओवायची आणि टोकं जोडण्याआधी मीटरमागे दीड-दोन पीळ द्यायचे. पीळ द्यायचा राहिला तर मणी एकाच बाजूने झिजून अंडाकृती होतात आणि तार घसरायला लागते. सुरुवातीला दगडाचे कोपरे गोल करून, वेग कमी ठेवून चालवायचं. नंतर सेकंदाला 25-30 मीटर. पाणी थांबलं की मणी जळालेच समजा.

नवशिक्यांचा घोळ ठरलेला: काप अर्धा झाला, तार तुटली, नवी कोरी तार त्याच फटीत घातली. जुने मणी 11 मिमीचे झिजून 10 वर आलेले असतात, फट तेवढीच अरुंद, नवी तार रुततेच. म्हणून तितकीच झिजलेली तार बाजूला राखून ठेवतात.

आणि तारेच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. तुटली की मणी गोळीसारखा सुटतो.

चिकोडीकर
उत्तम. मग मधला जेट बर्नर का मागे पडला?

खडेबाजार
बर्नर दगड वितळवत नाही, तडकवतो. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) तापल्यावर झपाट्याने फुगतं, 573 अंश सेल्सिअसला त्याची रचनाच बदलते, आणि पृष्ठभागाचे पापुद्रे उडतात. म्हणून लाल ग्रॅनाइटमध्ये चालतो. काळा ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा दगड बहुधा डोलेराइट असतो, त्यात क्वार्ट्झ नावालाच, तिथे बर्नर निरुपयोगी. चर 7-10 सेंमी रुंद पडतो, कडेचा दगड उष्णतेने खराब होतो, डिझेल बेसुमार जळतं आणि आवाजाने कान बसतात. तरी लगेच गेला नाही. डोंगराला तिन्ही बाजूंनी चिकटलेल्या दगडात पहिला चर पाडायला तो सोयीचा होता. टिपणात त्याला एका ओळीत उडवू नका.