नो-गो आत गेला तरी पोरगा गप्प का बसला?

भोसरीवाला:
भोसरीत माझं सीएनसी जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. दोन मशिनांवर सुरू केलं तेव्हा आम्ही सहा जण होतो. दुपारी एका टेबलावर डबे उघडायचे, कुणाचं काय अडलंय ते जेवतानाच कळायचं. आज ३८ माणसं, तीन शिफ्ट, आणि मला काहीच कळत नाही.

गेल्या महिन्यात ३२ एच७ बोअरचे (३२ मिमीचं, नेमक्या मापाचं भोक) १४० पीस गिऱ्हाइकाकडून परत आले. मापात सूट २५ मायक्रॉनची, बोअर त्याच्याही वर. नो-गो गेज, जो भोक मोठं झालं तरच आत जातो, तो सरळ आत जात होता. इन्सर्ट (कापणारं टोक) बदलल्यावर ऑफसेट (मशिनला दिलेली टूलची मापदुरुस्ती) चुकला होता, आणि रात्रपाळीच्या पोराला ते दुसऱ्याच तासाला दिसलं होतं. तरी तो ट्रे भरत राहिला. विचारलं तर म्हणतो, "साहेब, सांगून काय झालं असतं?" हे 'साहेब'ही नवीनच, आधी मी दादा होतो.

सूचनापेटी लावलीय. चार महिन्यांत तीन चिठ्ठ्या निघाल्या: एक पंख्याची, एक चहाची, एक कोरी. (त्या कोरीनं माझी झोप उडवलीय.) काय करू?

चाकणचा सेटर:
पेटीची किल्ली कुणाकडे असते? आणि रिजेक्शनचे पैसे पगारातून कापता का?

भोसरीवाला:
किल्ली मेहुण्याकडे. प्रॉडक्शन तोच बघतो. पैसे कापत नाही. म्हणजे दोनदा कापले होते, दिवाळीआधी. एकदा याच पोराचे.

चाकणचा सेटर:
मग पोरगा शहाणा आहे! कुणाचे किती कापले ते अडतीसच्या अडतीस जणांना पाठ असेल. कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, कायदाच आहे तसा. आमच्याकडे खराब मालाच्या लाल क्रेटमध्ये पीस पडला की इन्चार्ज एवढंच विचारतो, "कितव्या पीसपासून?" कुणी केलं, ते सकाळी. त्यामुळे दहा-बारा पिसांवर निभावतं.

एचआरवाली ताई:
२० किंवा जास्त कामगार असले की तक्रार निवारण समिती लागते, निम्मे सभासद कामगारांतले. तुमच्याकडे आहे का? मेहुण्याला त्यात घेऊ नका, एवढं ऐका.

शिरोलीचे काका:
फाउंड्रीत उभा जन्म गेला माझा. सभा तर अजिबात भरवू नका. मालक "मोकळेपणानं बोला" म्हणाला की सगळे बुटांकडे बघतात. त्यापेक्षा रात्रपाळीला जा, मशिनशेजारी तासभर थांबा. पंधरा दिवस कुणी तोंड उघडणार नाही, तरी जात राहा. आणि चिठ्ठीतला पंखा लावला का हो?

भोसरीवाला:
नाही लावला काका. मेहुणा म्हणाला, पावसाळ्यात कशाला. उद्या आणतो. कापलेले पैसेही या पगारात परत देतोय. किती कापले होते ते मात्र पोरालाच विचारावं लागेल, रजिस्टरला नोंदच नाही.