मदत हवी आहे: व्हिक्टोरिया विवराचा काठ फोटोत कधीपासून दिसायला लागतो, हे कसं ओळखायचं?

मंडळी,

मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरचे कच्चे फोटो सोलवार (सोल म्हणजे मंगळावरचा एक दिवस) लावून बघायचा नाद लागलाय. सध्या २००६ चा ऑगस्ट-सप्टेंबर चालू आहे, म्हणजे बीगल विवर मागे टाकून व्हिक्टोरियाकडे निघालेली वाट. शेवट ठाऊक आहेच: ९५१व्या सोलला, २७ सप्टेंबरला, गाडी डक बे नावाच्या खाचेपाशी पोचली आणि समोर सुमारे ८०० मीटर रुंद, ७० मीटर खोल खड्डा. ते दृश्य कुठेही बघायला मिळतं. मला त्याच्या आधीचा भाग हवाय, जिथे मेरिडियानी मैदानाच्या सपाट क्षितिजावर काहीतरी डोकं वर काढायला लागतं.

माझं घोडं अडलंय ते असं. दक्षिणेकडच्या फोटोंत क्षितिजावर एक फिकट, बारीक पट्टी दिसते. पुढच्या मुक्कामावर गायब होते, मग पुन्हा उगवते. हा विवराचा काठ, की जवळचाच एखादा वाळूचा वरंबा उन्हात उजळलाय?

डाव्या-उजव्या कॅमेऱ्याच्या जोडीवरून अंतर काढायचा प्रयत्न केला. जवळच्या दगडांचं झकास जमतं, पण पट्टी दोन्ही फोटोंत एकाच जागी येते. जाणकारांनी मार्ग दाखवावा. तयार नकाशा किंवा 'अमुक सोलला दिसतो' असं आयतं उत्तर नको, पद्धत हवी आहे.

प्रतिसाद १

जोडीचा नाद सोडा. नॅव्हकॅमच्या (गाडीचा वाट शोधायचा कॅमेरा) दोन डोळ्यांत अंतर जेमतेम २० सेंटिमीटर आणि एक पिक्सेल साधारण ०.८२ मिलिरेडियनचा (मिलिरेडियन म्हणजे हजार मीटरवर एक मीटर दिसेल एवढा कोन). हिशोब केला तर अडीचशे मीटरच्या आसपास डाव्या-उजव्या फोटोंतला फरक एका पिक्सेलवर येतो, पुढे काहीच उरत नाही. पॅनकॅमचे (विस्तृत दृश्यं टिपणारा कॅमेरा) डोळे एकमेकांपासून ३० सेंटिमीटर लांब आणि पिक्सेल बारीक, ०.२८ मिलिरेडियन, तरी किलोमीटरभर अंतरावर तोही हात टेकतो.

त्याऐवजी गाडीलाच पुढे जाऊ द्या. दोन मुक्कामांवरून काढलेले फोटो शेजारी ठेवले की जवळचे वरंबे इकडचे तिकडे होतात, काठ त्याच दिशेला राहतो. मधेच गायब होण्याचं कोडंही मोठं नाही. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर, आणि गाडी कधी दोन वरंब्यांमधल्या घळीत उभी, कधी वरंब्यावर. घळीतून पुढचा वरंबाच क्षितिज होऊन बसतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण एक मोठी मेख आहे. गाडी जवळपास नाकासमोर विवराकडे चालली आहे. नाकासमोरची वस्तू तुम्ही शंभर मीटर पुढे गेलात तरी डावी-उजवीकडे सरकत नाही. त्यामुळे अगदी समोरचा वरंबाही 'जागचा हलला नाही' म्हणून काठ समजला जाईल.

अशा वेळी सरकणं नाही, वाढणं मोजायचं. पट्टीवरच्या दोन ठळक खुणा निवडा. समजा पहिल्या मुक्कामावर त्यांच्यात १०० पिक्सेल होते आणि गाडी १०० मीटर पुढे गेल्यावर ११० झाले. तर दुसऱ्या मुक्कामापासून त्या खुणा १०० गुणिले १०० भागिले १०, म्हणजे १००० मीटरवर आहेत. वरंबा असता तर एवढ्या चालीत एकतर दुप्पट-तिप्पट झाला असता, नाहीतर चाकाखाली गेला असता.

मात्र दोन्ही फोटो एकाच कॅमेऱ्याचे आणि पूर्ण आकाराचे हवेत. हे फाइलच्या नावातच लिहिलेलं असतं. सुरुवातीचा १ म्हणजे ऑपॉर्च्युनिटी (तिची जुळी गाडी स्पिरिट, तिचा २). पुढचं अक्षर एन असेल तर नॅव्हकॅम, पी असेल तर पॅनकॅम. मग नऊ आकडे, ते यानाच्या घड्याळातले सेकंद, १ जानेवारी २००० च्या दुपारपासून मोजलेले. तुमच्या काळातले २१ पासून किंवा त्याच्या थोडं आधीपासून सुरू होतील. त्यानंतरची तीन अक्षरं महत्त्वाची: ईएफएफ म्हणजे पूर्ण चौकट, ईडीएन म्हणजे आकार कमी करून पाठवलेली, ईटीएच म्हणजे टिचभर नमुना. ईडीएन आणि ईएफएफ एकत्र मोजलेत तर आकडे भलतेच येतील. त्याच्या पुढची चार अक्षरं गाडीची जागा सांगतात. ती चारही सारखी असतील तर गाडी जागची हललेली नाही, ती जोडी बाद.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. चार अक्षरांची युक्ती फारच कामाची निघाली, निम्मे फोटो तिथेच गळाले. उरलेल्यांत एक पट्टी पुढच्या मुक्कामावर झपकन फुगते, तो वरंबा, ती सोडली. दुसरी मात्र मुंगीच्या पावलांनी वाढते.

आता नवीन शंका. ही पट्टी फिकट का? जवळची वाळू तर तिच्यापेक्षा गडद दिसते. आणि हा अलीकडचा काठ की पलीकडचा?

प्रतिसाद २

बहुतेक पलीकडचा. तुम्ही उत्तरेकडून येताय, म्हणजे पलीकडची भिंत उत्तरेला तोंड करून उभी. ऑगस्ट-सप्टेंबर २००६ मध्ये मंगळाच्या उत्तर गोलार्धात उन्हाळा होता आणि हे ठिकाण विषुववृत्ताच्या जेमतेम दोन अंश दक्षिणेला. सूर्य उत्तरेकडे झुकलेला, त्यामुळे भर दुपारी ऊन थेट त्या भिंतीवर. अलीकडच्या काठाची आतली बाजू तुम्हाला दिसणारच नाही, तिची फक्त पाठ दिसते, तीही गडद वाळूने झाकलेली. विवराभोवती अशा गुळगुळीत, गडद वाळूचा पट्टा आहेच.

प्रतिसाद ३

जरा उशिरा आलो. पडताळा करायचा असेल तर मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनेसन्स ऑर्बिटर यानाच्या हायराइज कॅमेऱ्याने ३ ऑक्टोबर २००६ ला घेतलेला फोटो काढा. पिक्सेल साधारण ३० सेंटिमीटरचा, त्यात काठावर उभी असलेली गाडीसुद्धा ओळखता येते. गंमत म्हणजे गाडी चालवणाऱ्यांच्या हाती तो वाटेत नव्हता, पोचल्यावर आठवड्याभराने मिळाला. तोवर मदार मार्स ग्लोबल सर्व्हेयर या आधीच्या यानाच्या फोटोंवर.

आणि मोजताना एक पाळा. व्हिक्टोरियाचा काठ करवतीसारखा आहे, सुळके पुढे आणि खाचा आत. एक खूण सुळक्यावर आणि दुसरी खाचेच्या तळाशी धरलीत तर दोघींची अंतरंच वेगळी, १००-११० चं गणित कोलमडतं. दोन्ही खुणा पलीकडच्या भिंतीवरच्या आणि शक्यतो शेजारशेजारच्या सुळक्यांवरच्या घ्या.